मुक्ताबाईंच्या प्रश्नाचे उत्तर

देव कोणाच्या हाती टाळ देतो, कोणाच्या हाती वीणा देतो. श्यामलाबाईंच्या हाती त्याने सूक्ष्मदर्शक दिला आणि म्हणाला, यातून बघ. करता काही येणार नाही, पण बघ.

सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत त्यांचा संसार होता. पती रंगनाथराव बँकेत. शहराच्या कडेला संगणकाच्या कंपन्या उगवत होत्या, काल कॉलेजातून बाहेर पडलेली मुले आज नवी मोटारसायकल दारात लावत होती. आणि डॉक्टरेट मिळवलेल्या श्यामलाबाई जुन्या स्कूटरला तिरके करून, किक मारून, संशोधन संस्थेत जात होत्या. रंगनाथराव चहा ओतता ओतता म्हणत, "तुझ्या पेशी तेवढ्या पुढे सरकतात. तुझी बढती आहे तिथेच बसलेली." बाई हसत. त्यांना राग येत नसे, कारण पेशी पुढे सरकतात हे खरेच होते, आणि त्याचेच तर त्यांना दुःख होते.

कर्करोगाची पेशी जन्मली तिथेच बसून राहिली असती, तर शल्यवैद्याने ती कापली असती आणि माणूस घरी गेला असता. पण ती बसत नाही. ती घर सोडते, शेजार पोखरते, रक्तात उतरते आणि दूर कुठेतरी हाडात जाऊन बिऱ्हाड मांडते. माणूस बहुधा गाठीने मरत नाही; तिच्या या प्रवासाने मरतो. श्यामलाबाई तो प्रवास पाहत. तंतूंचे जाळे असलेल्या पारदर्शक, लिबलिबीत थरावर त्या पेशी सोडत आणि त्या किती आत शिरल्या ते तपासत. पेशी हात लांबवते, रस सोडते, समोरचे तंतू विरघळवते आणि झालेल्या भोकातून पुढे जाते. तो रसच अडवला, तर पेशी अडेल. या एका आशेवर बाईंची उमेदीची वर्षे वाहिली होती, जशी एखादी माउली एका समईत तेल घालीत राहते.

दुसऱ्या दिवशीच्या शस्त्रक्रियेत निघणाऱ्या गाठीचा तुकडा मागायला त्या एका रुग्णालयात गेल्या, तेव्हा मुक्ताबाई भेटल्या. मूळच्या यवतमाळकडच्या. पती सीताराम कारखान्यात कामाला, म्हणून वारज्यात आलेल्या. मुलगा आनंद नुकताच संगणकाच्या कंपनीत लागलेला. श्यामलाबाईंनी संकोचत विचारले, "आपली हरकत नसेल, तर गाठीचा एक तुकडा आम्हाला द्याल?"

"न्या बाप्पा! मले का तिचं लोनचं घालाचं हाये?"

खाटेवरच्या त्या हसण्याने सारी खोली हसली. मग मुक्ताबाईंनी काखेवर हात ठेवला. "मांगच्या बारीनं छातीतली सारी कापली ना? मंग आता काखेत कोठून आली? चालत आली काय?"

"चालतच आली. कशी चालते, तेच मी शोधते आहे."

"सापडलं त मले सांगजा."

"सांगेन. सर्वांत आधी तुम्हालाच."

बोलता बोलता शब्द गेला. तोंडातून गेलेला शब्द आणि गाठीतून सुटलेली पेशी, परत बोलावता कोणाला आली आहे?

कितीकांच्या पेशी काचेत आल्या की कोमेजतात. मुक्ताबाईंच्या जगल्या. जगल्या, वाढल्या, चालल्या. इकडे पेशी बाळसे धरीत होत्या, तिकडे मुक्ताबाई झिजत होत्या. औषधोपचाराला आल्या की त्या निरोप धाडून बाईंना बोलावून घेत.

"काय म्हन्ते माही लेक? चालते का?"

"चालते हो."

"पाय मोडा तिचे!"

तेच तर श्यामलाबाई करीत होत्या. तो रस अडवणारे द्रव्य त्यांनी मुक्ताबाईंच्या पेशींवर घातले होते, आणि उत्तर यायच्या आत मुक्ताबाई गेल्या.

त्यांच्या दहाव्याच्या सकाळी उत्तर आले. बाईंनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. द्रव्याने आपले काम चोख केले होते. रस थांबला होता, तंतू अखंड होते, एकही भोक पडलेले नव्हते. आणि पेशी थराच्या तळाशी पोचल्या होत्या. त्यांनी लांबवलेले हात आवरून घेतले होते. पाण्याच्या थेंबासारख्या गोल, मऊ होऊन, तंतूंच्या फटींतून अंग चेपत त्या निघून गेल्या होत्या. दार बंद केले होते. चोर गजांतून गेला होता. बाईंनी भिंग बदलले, पुन्हा पाहिले. पुन्हा तेच.

तेवढ्यात फोन आला. "मॅडम, सॉरी, मी आनंद. घाटावरून बोलतोय. आईच्या पिंडाला कावळा शिवत नाहीये. बाबा म्हणतात, तुम्हाला बोलवायचं. प्लीज."

ओंकारेश्वराच्या घाटावर ऊन चढले होते. पिंडाला कावळा शिवला की गेलेल्या जिवाची इच्छा उरली नाही असे मानायचे. शिवेना, तर जवळच्यांनी एकेक वचन द्यायचे. आनंदने दिले होते, परदेशी गेलो तर बाबांना सोबत नेईन. सीतारामांनी तंबाखू सोडली होती. कावळे समोरच्या कठड्यावर बसून पाहत होते. जागचे हलत नव्हते.

"अहो, पेठेतल्या कावळ्यांना आता सकाळीच नाश्ता मिळतो," गुरुजी म्हणाले. "दर्भाचा कावळा करून शिवू या. शास्त्रात सोय आहे. मागची मंडळी खोळंबलीत."

"थांबा ना महाराज," सीताराम म्हणाले आणि श्यामलाबाईंकडे वळले. "बाई, तिचं एवढंच राह्यलं. तुमी सांगन म्हन्लं होतं. आखरीपर्यंत इचारत होती, बाईचा निरोप आला का म्हनून."

मागून कोणी वडीलधारी बाई कुजबुजली, "औषध काढीन म्हना. शिवते मंग."

काय अवघड जागी उभे केलेस रे विठ्ठला! समोर भाताचा पिंड, भोवती आशेने पाहणारी माणसे, आणि मध्ये एक बाई, जिने उभ्या आयुष्यात न दिसलेले दिसले म्हणून सांगितले नाही. एक गोड वाक्य बोलायचे होते. ऐकणारी या जगात नव्हती, पारखणारा कावळा होता. जिभेवर ते वाक्य आलेही. पण ते वचन होते, आणि वचन कोणाला द्यायचे, तर जिला एकदा देऊन बसले तिलाच!

श्यामलाबाईंनी चपला काढल्या, हात जोडले.

"मुक्ताबाई, सर्वांत आधी तुम्हाला सांगते. ती कशी जाते ते आज दिसलं. एक वाट बंद केली की ती रूप बदलते आणि दुसऱ्या वाटेनं जाते. तिला थांबवायचं कसं, ते मला कळलेलं नाही. कधी कळेल असं वचन मला देता येत नाही."

एक कावळा कठड्यावरून उतरला. सीताराम एक पाऊल मागे सरले. कावळा दोन उड्या मारत जवळ आला, मान वाकडी करून पाहू लागला आणि बाजूला होऊन, शेजारच्या कुटुंबाच्या पिंडाला चोच मारून उडून गेला.

गुरुजींनी दर्भाला गाठ मारली. गवताचा कावळा पिंडाला लागला.

सीताराम बाईंजवळ आले. आवाजात राग नव्हता, आणि म्हणूनच तो ऐकवत नव्हता. "खोटं बोलल्या असत्या तरी चाललं असतं, बाई. थे काय तपासाले येनार होती?"

आनंदने श्यामलाबाईंची स्कूटर सावलीतून काढून दिली. सीताराम नदीकडे तोंड करून उभे होते.

श्यामलाबाई संस्थेत परतल्या, कारण पेशींना खाऊ घालायची वेळ झाली होती. वेळ चुकली तर त्या मरतात. आणि मुक्ताबाईंच्या मेल्या, तर वाट बदलताना पाहायला दुसऱ्या कोणाच्या नव्हत्या. जिने त्या माउलीला खाल्ले, तिलाच आपल्या हाताने भरवायचे. दुसरे काय करणार होत्या? उबेच्या कपाटातून त्यांनी काचेची बशी काढली. जुने पाणी ओढून घेतले, त्यांचे अन्न असलेले ताजे गुलाबी पाणी थेंब थेंब सोडले आणि बशी पुन्हा उबेत ठेवून दार लावले.

घाटावर भाताला कोणी तोंड लावले नव्हते. इथे मात्र भरवलेले सगळे उद्यापर्यंत संपणार होते.