पहिले ऑस्ट्रेलियन कोण?

वॅल्मा ट्रेझीझला दोन गोष्टी जन्मजात आल्या होत्या, असं गावात म्हणत. एक, मांस-बटाटा भरून भाजलेल्या पेस्टीची कड करंजीसारखी मुडपायचा हात. आणि दुसरी, आपलंच खरं करायची खोड. दक्षिण ऑस्ट्रेलियातलं हे गाव इंग्लंडातल्या कॉर्नवॉलहून आलेल्या खाणकामगारांनी वसवलेलं. तांबं केव्हाच संपलं. पेस्ट्या आणि चॅपल हे छोटं चर्च तेवढं टिकलं.

नवरा लवकर गेला, तेव्हा वॅल्माने पोस्टाची खिडकी सांभाळली, दोन मुली मार्गी लावल्या, आणि रविवारी चॅपलमध्ये ऑर्गन वाजवायचं एकदाही चुकवलं नाही. पण तिचा खरा रुबाब दिसायचा तो हिवाळ्यातल्या प्रश्नमंजुषेत. चॅपलच्या हॉलमध्ये दुपारी सगळं गाव जमे. येताना प्रत्येकाने एक पदार्थ आणायचा, फोन दारातल्या टोपलीत टाकायचा, आणि वॅल्मा सांगेल तेच उत्तर मानायचं. बक्षीस म्हणजे एक डागाळलेली चहाची किटली. पण तिच्यासाठी लोक भांडायला उठत.

त्या वर्षी बोलिंग क्लबचं टेबल आणि कोरल मावशीचं टेबल बरोबरीत आलं. कोरल नरंगा लोकांपैकी, म्हणजे या मातीतल्या मूळच्या माणसांपैकी. सगळं गाव तिला मावशी म्हणे. एकटी वॅल्मा नुसतं कोरल म्हणे, कारण हॉलमधल्या कपबशा दोघींनी वर्षानुवर्षं जोडीने विसळल्या होत्या.

"ऑस्ट्रेलियन शब्दाचा मूळ अर्थ?" वॅल्माने विचारलं.

दोन्ही टेबलांनी लिहिलं, दक्षिणेकडचा. लॅटिनमधून आलेला शब्द. पुन्हा बरोबरी.

"मग आता शेवटचा. हे नाव सगळ्यात आधी कुणाला मिळालं?"

हा प्रश्न तिच्या खास जिव्हाळ्याचा. तिचे पणजोबा इथेच, खाणीजवळच्या तंबूत जन्मले होते. 'आपण पहिले ऑस्ट्रेलियन' हे ती आईच्या दुधाबरोबरच प्यायली होती.

क्लबच्या केल्विनने वाचलं, "इथे जन्मलेली गोऱ्यांची पोरं."

कोरलने वाचलं, "आम्ही."

"केल्विन बरोबर," वॅल्मा म्हणाली.

"अगं, तुमच्या लोकांना तेव्हा इंग्रजच म्हणायचे की!"

"कोरल, माझं उत्तर तेच उत्तर."

"बरं बाई. तू म्हणशील ती पूर्व," म्हणत कोरल चहा ठेवायला आत गेली. नेहमी वॅल्माला हाक मारून न्यायची. आज एकटीच गेली.

ते वॅल्माला लागलं. किटली द्यायच्या आधी चहाची सुट्टी होती. ती चॅपलच्या मागच्या खोलीत गेली आणि कपाटातला जाडजूड शब्दकोश काढला. कोरल चुकलीय एवढीच खात्री करायची होती. पण तिथे छापलेलंच होतं: पुस्तकांतून हा शब्द आधी इथल्या मूळ रहिवाशांसाठी वापरला गेला, वसाहतीतल्या गोऱ्यांनी तो पुढे स्वतःला लावला.

तिने कोश मिटला. कुणी पाहिलं नव्हतं. कोश परत कपाटात ठेवला असता तर पणजोबाही शाबूत राहिले असते आणि तिचा शब्दही. पण उघड्या दारातून समोरच ऑर्गन दिसत होता. उद्या रविवार. खोटं पोटात ठेवून देवाच्या दारात कोणतं भजन वाजवायचं?

"ऐका," ती माइकवर म्हणाली. "मी चुकले. कोरल बरोबर आहे. कोशात आहे, हवं तर वाचा."

"वॅल, नियम म्हणजे नियम!" केल्विन ओरडला.

"नियम माझा. मोडणारीही मीच. खाली बस, पेस्टी खा."

हॉल खदखदून हसला. कोरल ओल्या हातांनीच बाहेर आली आणि किटली काखोटीला मारली.

"मग तुझे पणजोबा कोण गं?"

"इंग्रज," वॅल्मा पुटपुटली.

"अरेरे!" कोरल अशा सुरात म्हणाली की वॅल्मालाही हसू फुटलं.

कपबशा विसळताना वॅल्माने विचारलं, "पुढच्या वर्षी प्रश्न दोघी मिळून काढू या का?"

"छे गं! प्रश्न काढणारीला किटली मिळते का कधी?" कोरलने तिच्या हातात फडकं दिलं. "तू काढ. चुकलीस की मी आहेच."