राशीवरची राख

कंग्राळीच्या लक्ष्मीबाईंनी बारा घरांचं भात एकाच राशीत ओतायला लावलं, तेव्हाच गटातली मंगल म्हणाली होती, "आक्का, उद्या भांडण झालं तर दाणा न् दाणा निवडत बसणार हाय काय?"

भांडण झालंच. बायकांच्या गटाची पोहे करायची नवी शेड पूजेच्या दिवशीच पाटीवरून अडली. दारात एकीकडं लक्ष्मीबाईंचा पुतण्या सौरव मराठी पाटी घेऊन उभा, दुसरीकडं गटातल्याच निंगव्वाचा दीर यल्लाप्पा कन्नड पाटी घेऊन. मागं दोघांचीही माणसं, मोबाईल वर धरून.

"आमची पाटी न्हाय, तर आमचं भातबी न्हाय," म्हणत यल्लाप्पा रिकामी पोती घेऊन आत शिरला. निंगव्वा मान खाली घालून उभी. तिच्यासोबत कानडी बोलणारी सहा घरं गेली की गट मोडला, हे सगळ्यांना कळत होतं.

लक्ष्मीबाईंनी चुलीतली राख फडक्यात बांधली. राशीभोवती गोल रेघ ओढली आणि राखेनं माखलेला तळवा भातावर दाबला.

"काकू, राखेनं कोण थांबतंय गं?" सौरव हसला.

मनातून त्यांनाही तीच धास्ती. फुंकर मारली की जाणारी वस्तू ती! पण लहानपणी राशीची अशीच खूण त्यांच्या पायानं मोडली होती. दारात व्यापाऱ्याची गाडी खोळंबलेली, तरी वडलांनी, आप्पांनी माप लावलं नाही. नवी राख, नवी पूजा होईपर्यंत घरात कुणी जेवलं नाही. मारलं कुणीच नाही. त्या उपासानंच राखेला वजन आलं होतं.

त्या राशीशेजारी बसल्या. "यल्लाप्पा, बारा जणींचा राखेचा हात लागल्याबिगर रास मोडायची न्हाय. तू मोडलीस तर अडवणार न्हाय. पर बारा हात लागंस्तवर मी पाणीबी घेणार न्हाय."

यल्लाप्पाचा पाय रेघेपासून बोटभर लांब. दारात कुणीतरी मोबाईल खाली केला.

निंगव्वा बाहेर गेली. परत आली ती शेणाचा अंगठ्याएवढा गणपती घेऊनच, वर दूर्वा खोचलेली. रेघ न मोडता तिनं तो काठाशी ठेवला. "आमच्यात याच्याबिगर रास पुरी होत न्हाय, आक्का." मग दिराकडं वळून कन्नडमध्ये दोनच शब्द बोलली: चपला काढ.

यल्लाप्पानं वहिनीकडं पाहिलं, राशीकडं पाहिलं. पाय मागं घेतला. दाराबाहेर जाऊन चपला काढल्या, आणि पोती काखेत धरून तिथंच थांबला.

सौरव पाटी घेऊन पुढं आला. "मग पाटीवर काय लिहायचं, काकू?"

"आधी चपला काढ रं. मग बारा जणींना इचार."

निंगव्वाचा हात तोवर फडक्यातल्या राखेत गेला होता.