स्क्रीनसोबत गळ्यात मारलेला पंखा

घरातली सगळ्यात आतली खोली मुळात अडगळीची. वाचनमावशीच्या नवऱ्याने तिथल्या भिंतींना जुन्या गाद्या ठोकून दिल्या, दाराच्या फटीत कापड कोंबलं, आणि तेव्हापासून ती तिची वाचायची खोली झाली. वाचनमावशी हे नाव तिला विद्यार्थ्यांनी दिलेलं. ज्यांना दिसत नाही किंवा जेमतेम दिसतं, अशा कॉलेजच्या मुलामुलींसाठी ती पाठ्यपुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. शाळेतली नोकरी संपल्यावर वेळ जावा म्हणून धरलेलं हे काम पुढे तिच्या अंगात भिनलं. इतिहास असो की प्राणिशास्त्र, ती असं वाचायची की ऐकणाऱ्याला वाटावं, कुणीतरी शेजारी बसून समजावून सांगतंय.

या मुलांचे कान भलतेच तिखट. एकदा ती वाचताना जरा सरकून बसली, तर एका मुलीने फोन करून विचारलं, "मावशी, खुर्ची बदललीत का हो?" त्यामुळे रेकॉर्डिंग चालू असताना घरात मिक्सर लागत नसे, नळ सोडला जात नसे. नवऱ्याला शिंक आली तर तो नाक धरून बाल्कनीत पळायचा.

कुरकुर करत होते ते तिचे डोळे. पुस्तकाची पानं स्कॅन करून ती लॅपटॉपवर मोठी करून वाचायची. तिचा लॅपटॉप इतका मुका, की चालू आहे की बंद हे बघायला हात लावावा लागे. पण त्याची स्क्रीन धुरकट. अक्षर मोठं केलं की त्याच्या कडा फाटायच्या, आणि तासाभरात कपाळ ठणकायला लागायचं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी बजावलं, "एक तर वाचन थांबवा, नाहीतर चांगल्या स्क्रीनवर करा." थांबवायचा विचारही तिच्या मनाला शिवला नाही.

तेवढ्यात भाचा आला. हा तिच्या भावाचा मुलगा, कॉलेजची सगळी वर्षं तिच्याच घरी राहिलेला. आता एका लॅपटॉप कंपनीच्या जाहिरात खात्यात वरच्या जागेवर होता.

"आत्या, आमची कंपनी लोकांना विचारून नवा लॅपटॉप काढतेय," तो म्हणाला. "त्यांना तुझ्यासारखंच कुणीतरी हवंय. येशील ना?"

ती इस्त्रीची साडी नेसून गेली. काचेच्या खोलीत बसलेल्या माणसांना तिने सगळं समजावून सांगितलं. "मला स्क्रीन चांगली द्या. अक्षर रेखीव दिसलं पाहिजे आणि उजेडात चमकता कामा नये. बाकी काही नको. ते गेम खेळायचं कार्ड तर मुळीच नको, कारण ते तापतं आणि मग पंखा घोंघावतो. पंखा वाजला की माझं काम मेलं." समोरची माणसं मान डोलावत होती, लिहून घेत होती. कॅमेराही चालू होता. शेवटी एकीने विचारलं, आज कसं वाटलं? "इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, की तुम्हाला काय हवंय," वाचनमावशी म्हणाली.

लॅपटॉप बाजारात आल्याबरोबर तिने घेतला. पहिलं पान उघडलं आणि नवऱ्याला हाका मारून बोलावलं. अक्षरं जणू नुकती छापून आली होती, शाई वाळायची बाकी. मग तिने दार लावून वाचायला सुरुवात केली. दोन-चार मोठी पानं उघडली असतील नसतील, तोच लॅपटॉपच्या पोटातून घरघर सुरू झाली आणि बघता बघता तिचा घों-घों आवाज झाला.

"विमान सुटलं वाटतं," नवरा दारातून म्हणाला.

तिने रेकॉर्डिंग ऐकलं. धो धो वाहणाऱ्या नळाशी बसून वाचल्यासारखं वाटत होतं.

दुरुस्तीवाल्याने मागचं झाकण उघडलं आणि बोट दाखवलं. "ताई, हे गेमवाल्यांचं कार्ड. मेन बोर्डावरच पक्कं केलंय, काढता यायचं नाही." त्याने ते सेटिंगमधून बंद करून दिलं. थोडे दिवस शांततेत गेले, मग अपडेट आलं आणि कार्ड पुन्हा जागं झालं.

"ही स्क्रीन कार्डाशिवाय मिळत नाही का?" तिने विचारलं.

"नाही ना. स्क्रीन हवी तर कार्ड गळ्यात घ्यायचं. कार्ड नको असेल तर मग ती धुरकट स्क्रीन."

"काहीतरी चुकलं असेल हो त्यांचं. मी स्वतः सांगून आलेय."

दुरुस्तीवाला स्क्रू बसवत राहिला.

मग खुर्चीवाल्या मुलीचा फोन आला. तिला एका डोळ्याने थोडंसं दिसायचं. "मावशी, तुमची जाहिरात ऐकली! आवाजावरून लगेच ओळखलं. तुम्ही सांगताय म्हटल्यावर बाबांनी तोच लॅपटॉप आणला. पण वर्गात तो इतका ओरडतो की सगळे वळून बघतात. तुम्ही कसा हो चालवता?"

वाचनमावशीने फोन ठेवला. तिने जाहिरात शोधून लावली. त्यात तिचाच चेहरा, तिचंच वाक्य, "पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं, की तुम्हाला काय हवंय." आणि लगेच तो लॅपटॉप, झळाळत. कार्ड नको, पंखा नको, हे सगळं कापून टाकलेलं.

भाच्याला तिने घरी बोलावून घेतलं. तो आला तो मान खाली घालूनच.

"मी पंखा नको म्हणाले होते, आठवतं?"

"आठवतं, आत्या."

"मग?"

"चांगली स्क्रीन स्वस्तातल्या लॅपटॉपला दिली असती, तर सगळ्यांनी तोच घेतला असता. कार्डवाला महागडा कुणी घेतला असता? म्हणून स्क्रीन कार्डालाच बांधली."

"हे कधी ठरलं?"

तो शर्टाची बाही दुमडू लागला.

"मी विचारतेय, कधी ठरलं?"

"तुला बोलावलं त्याच्या आधीच."

नवरा ताडकन उठून आत निघून गेला. वाचनमावशी मात्र जागची हलली नाही.

"म्हणजे माझं ऐकायचंच नव्हतं. मग विचारलं कशाला?"

"विचारतोय असं दिसायला हवं होतं," तो पुटपुटला.

"कंपनीचं सोड रे. ती परकी. पण तू या घरात राहिलास. मी आत वाचत असले की चपला हातात घेऊन जायचास तू. पंखा वाजणं म्हणजे काय, हे तुझ्याइतकं तिथे कुणाला कळत होतं?"

त्याचे डोळे भरून आले. "कंपनीकडून पैसे परत मिळवून देतो," असं काहीबाही बोलू लागला. तिने त्याला तिथेच थांबवलं. "जाहिरातीतून माझा आवाज काढ. दुसरं काही नको."

त्याने खटपट केली असावी. पण कंपनीने हात झटकले. तुम्ही आपखुशीने बोललात, असं उत्तर आलं, आणि जाहिरात चालू राहिली.

तेव्हा तिने आपल्या परीने केलं. पुढच्या प्रत्येक रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला, धड्याच्या आधी ती सांगू लागली, "मुलांनो, त्या जाहिरातीत आवाज माझा आहे, पण शिफारस माझी नाही. माझ्या शब्दावर तो लॅपटॉप घेऊ नका." मुलांनी ते एकमेकांना पाठवलं. खुर्चीवाल्या मुलीच्या बाबांनी दुकानात ठाण मांडून लॅपटॉप परत केला. मावशीनेही केला.

आता ती पुन्हा जुन्या, मुक्या लॅपटॉपवर वाचते. पूर्वीच्या निम्मंही होत नाही. कपाळावर ओला रुमाल ठेवून मध्येच पडून राहावं लागतं. काही पुस्तकं तिने दुसऱ्यांना देऊन टाकली.

भाचा अजून येतो. ती त्याला चहा देते, बायकोमुलांची चौकशी करते. वर वर सगळं पूर्वीसारखंच. परवा त्याने बिचकत विचारलं, "सध्या काय वाचतेयस, आत्या?" एरवी तिने पुस्तक आणून एखादं पान त्याला वाचूनच दाखवलं असतं.

"वाचतेय काहीतरी," ती म्हणाली आणि कपबशा उचलून आत गेली.