किसनबाबांची झील

या ग्रुपवर मी दोन वर्षं आहे ते निव्वळ करमणुकीसाठी. पांढरी साडी, उलटे पाय, घाटात लिफ्ट मागणारी बाई... वाचतो, हसतो, झोपतो. असल्या भंपकपणावर माझा कधीच विश्वास नव्हता. त्यामुळे पुढचं वाचून तुम्ही हसलात तर माझी तक्रार नाही.

मी नाशिकचा, द्वारका चौकाजवळ राहतो. आठ वर्षं भास्करअण्णांच्या पार्टीत कीबोर्ड वाजवला. अण्णा म्हणजे देवीची गाणी म्हणणारे आमच्या भागातले ‘स्टार’. सटाण्यापासून ओझरपर्यंत बॅनरवर गॉगल लावून हात जोडलेले! आवाज बरा, पण पाठांतराच्या नावाने बोंब. मागे झील धरायला, म्हणजे सूर ओढायला, किसनबाबा बसायचे. अण्णांनी मान जरा डावीकडे कलवली की बाबा पुढच्या कडव्याचे पहिले शब्द हळूच पुरवायचे. अण्णा ते असे उचलायचे, जसं काही आत्ताच सुचलंय.

मुळात गाणीच बाबांची होती. अशा गाण्यात शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव येतं. बाबांनी लिहिलेलं असायचं ‘किसन म्हणे’, अण्णा गायचे ‘भास्कर म्हणे’. पार्टीत सगळ्यांना ठाऊक होतं. बाबा काही बोलत नसत, आणि आम्हीही नाही.

गेल्या पावसाळ्यात बाबा वारले. अण्णांनी नवा माणूस घेतलाच नाही. माझ्या कीबोर्डमध्ये बाबांचं ‘जी रं जी’ रेकॉर्ड केलेलं होतं, तेच वाजवायला सांगितलं. वर म्हणे, बाबा आपल्यातच आहेत. मला किळस आली. वाजवलं मात्र मीच.

चैत्रात वणीजवळ बाबांच्याच गावच्या जत्रेत कार्यक्रम होता. दुपारचे चार, डोक्यावर ऊन. सुरू व्हायच्या आधी बाबांची मुलगी सुमनताई स्टेजमागे आली.

“अण्णा, त्यांच्या गावात तरी त्यांचं नाव घ्या. गाणी त्यांची व्हती, येवढंच सांगा. दुसरं काय नाय मागत.”

अण्णा शाल सारखी करत ‘बघू’ म्हणाले. मग तिने मला विचारलं, तुम्हाला तर माहीत आहे ना? मी वायर तपासत होतो. बराच वेळ तपासली.

शेवटचं गाणं आलं. बाबा गेल्यापासून अण्णा मोबाइलवर शब्द बघून गात, तो उन्हात तापून बंद पडला. शेवटच्या कडव्याआधी अण्णांची मान सवयीने डावीकडे कलली. तिथे आता कुणी बसत नव्हतं. झीलचं बटण मी दाबलेलं नव्हतं... आणि माझ्यापासून हातभर अंतरावर बाबांचा आवाज आला. हळू, बिनमाइकचा, नेहमीसारखा.

“किसन म्हणे...”

अण्णांनी उचललं! भर जत्रेत, ताणून गायले – किसन म्हणे, आई, तुझ्या दारी मी उभा. आपण काय गायलो ते त्यांना कळेपर्यंत ओळ संपली होती. समोर एक म्हातारा उठून शेजाऱ्यांना सांगायला लागला, आपल्या किसनचं गाणं हाय ह्ये. मग अख्खं गाव टाळ्या वाजवत होतं आणि सुमनताई तोंडाला पदर लावून रडत होती.

उतरल्यावर अण्णा माझ्या अंगावर धावून आले, तूच वाजवलंस म्हणून. मी त्यांच्यासमोर कीबोर्ड तपासून दाखवला. ‘जी रं जी’ सोडून आत एक शब्द नव्हता. ढोलकीवाल्यानेही तो आवाज ऐकला होता, पण तो आजही विषय काढला की उठून जातो. अण्णांनी मला काढलं. पुढच्या गावापासून पुन्हा ‘भास्कर म्हणे’ सुरू झालं म्हणे. शोभतं त्यांना.

ऊन, भास, थकवा – सगळं लावून पाहिलं. तिघांना एकच भास एकाच क्षणी कसा होतो, ते मला अजून सांगता येत नाही.

त्या दिवशी जत्रेतून निघताना सुमनताई माझ्याकडे आली. तिला वाटलं, मीच हिंमत करून बाबांचा आवाज लावला.

“तुमच्यामुळं बाबाचं नाव झालं,” ती हात जोडून म्हणाली.

मी मान डोलावली.