मानिनी आणि अडकलेली कडी

माझा नवरा मला सोडून कधी परगावी राहिला नाही, आणि त्यामुळे माझी फार पंचाईत झाली.

आमच्या महिला वाचन मंडळात आम्ही जुनी प्रेमकाव्यं वाचत होतो. ठरलं असं, की आपला संसार त्यात कुठं दिसतो, ते प्रत्येकीनं रविवारी उभं राहून सांगायचं. बाकीच्यांना पटापट सापडला. एकीचा नवरा सैन्यात, म्हणजे ती आपोआप विरहिणी! दुसरीनं घरच्यांना चुकवून लग्न केलेलं. तिला तर आख्खं काव्यच मिळालं. राहिले मी. वडगावात आमचे पॉवरलूम. नवरा पुढं मागावर, मी मागं स्वयंपाकघरात, मधे एक भिंत. विरह व्हायचा कुठून? लांबात लांब हे चिकोडीला जातात, आणि जेवायला घरी हजर!

मग मला मानिनी सापडली. म्हणजे रुसलेली नायिका. ती दागिने उतरवते, अंधाऱ्या खोलीत जाऊन पडते. नायक दारात येतो, विनवण्या करतो, शेवटी सगळी लाज सोडून तिच्या पायाशी बसतो. हे जमण्यासारखं होतं. आमचे हे अशा वेळी काय करतील, याची मला खरोखरच उत्सुकता लागली. (लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी कधी नीट रुसलेच नव्हते. वेळच मिळाला नाही!) रुसायला कारण लागतं, पण ते लग्न झालेल्या बाईला फार शोधावं लागत नाही.

शनिवारी सकाळी मी बांगड्या काढल्या, न जेवता साड्या ठेवायच्या खोलीत गेले, आतून कडी घातली आणि गठ्ठ्यांना टेकून बसले.

बराच वेळ कुणाला पत्ताच नाही! माग आपले खडखडतायत. भूक लागली. शेवटी सासूबाईंचा, म्हणजे आमच्या आत्तींचा, आवाज आला.

"सुनंदा! अगं भात करपाय लागलाय की!"

मानिनी भातावर बोलत नाही.

"आत बसलीया आनि ओ दीना," आत्ती घाबरून ओरडल्या. "मल्हारी! ये रं लवकर!"

माग थांबले. पावलं आली. दारावर थाप पडली.

"सुनंदा, दार उघड गं," हे म्हणाले. आवाज इतका कळवळलेला, की मी डोळेच मिटले. "उघड की. मी हात जोडतो तुला."

मी हळूच विचारलं, "का उघडू?"

"चिकोडीची मंडळी आल्यात. लग्नाच्या साड्या आत हायत न्हवं!"

आता मात्र मला खराखुरा राग आला! मी ओरडले, "न्हाय उघडत जा!"

बाहेर आत्तींची कुजबूज: "पित्त झालंय काय रं?" "न्हाय आई, पित्ताला दार लावत न्हाईत." "मग निपाणीला फोन करते. भावालाच सांगू दे हिला."

निपाणीला! आमचा दादा म्हणजे आधी हात उगारणार, मग विचारणार. मी धडपडत उठले आणि कडी ओढली. कडी हलेना. दोन्ही हातांनी ओढली. हलेना!

"अवो," मी आतून म्हणाले, "कडी अडकलीया."

"आता गं!"

तोवर फोन होऊन गेला होता. चिकोडीच्या पाहुण्यांना आत्तींनी चहा दिला, पोहे दिले, मग दुसरा चहा दिला. आमच्या यांनी दार ढकललं, खांदा लावला, खांदा दुखावला. आणि दादा मिळेल ती गाडी पकडून हजर!

"माझ्या बहिनीला काय केलंस रं?" त्यानं दारातच यांची कॉलर धरली.

"मी काय केलं? मला बी कुनीतरी सांगा की!"

चिकोडीकर पोहे खायचे थांबून बघायला लागले. मला राहवेना. आतून ओरडून मी सगळं सांगितलं: मंडळ, काव्य, मानिनी, रविवार. मग दादानं कॉलर सोडली आणि यांच्या सदऱ्याची घडी नीट करत म्हणाला, "दाजी, माफ करा. आमच्यात अशी कुनी न्हवती हो."

हे परसातल्या खिडकीशी आले आणि गजातून स्क्रूड्रायव्हर आत दिला.

"रडालीस व्हय?"

"न्हाय."

"डोळं पूस पदरानं. घाबरू नगो, मी हाय हितंच. आता कडीचे स्क्रू काढ. डावीकडं फिरव. घाई न्हाय, दमानं."

मी फिरवत होते आणि ते खिडकीतून सांगत होते. "जमतंय. हात सांभाळ. व्हय, तसंच." पाहुणे बाहेर खोळंबले होते, पण यांच्या आवाजात जराही घाई नव्हती. असं गोड बोलणं मी कधी ऐकलं होतं, आठवेना! शेवटचे स्क्रू तर मी मुद्दाम सावकाश काढले.

कडी खाली पडली. दार उघडलं. दारात आत्ती, दादा, चिकोडीकर. त्यांच्यातून वाट काढत हे आत आले, माझ्याकडं एकदा नीट बघितलं, आणि सगळ्यांदेखत माझ्या पायाशी बसले!

मी मान वळवली, अगदी काव्यातल्यासारखी.

"पाय उचल जरा," हे म्हणाले. "स्क्रू खाली गेलाय."

रविवारी मंडळात मी सगळं रंगवून सांगितलं. साड्यांमधली मानिनी, दाराबाहेर हात जोडणारा नायक, खिडकीतली ती हळुवार वाक्यं, आणि शेवटी चारचौघांत त्याचं माझ्या पायाशी बसणं. तिथंच थांबले. टाळ्यांचा कडकडाट! सैनिकाच्या बायकोनं तर डोळे पुसले.

तेवढ्यात मागच्या रांगेत ऐकायला येऊन बसलेल्या सासूबाई उभ्या राहिल्या.

"अगं, स्क्रूचं सांग की त्यास्नी!"