मंडईच्या दिवशीच कॉन्फरन्स

मी गाव सोडलं ते मंडईच्या दुसऱ्या दिवशी. नाटक रात्रभर चाललं होतं. सकाळी मांडववाले बल्ल्या उपटत होते आणि निम्मं गाव ओट्यांवर बसून जांभया देत होतं. बाबांनी माझी बॅग मोटारसायकलच्या टाकीवर घेतली, मला मागे बसवलं आणि वडसा स्टेशन गाठलं. बल्लारशाला गाडी बदलायची, मग सिकंदराबाद. माय फाटकापर्यंतच आली. "उपाशी राहू नोको, अन् मंडईले येजो," एवढंच म्हणाली. बाबा वाटेत अर्धवट झोपेत होते की रागात, हे मागे बसून कळत नव्हतं.

गावात राहिलेल्यांना मंडई काय ते सांगायला नको. माझ्यासारखे जे निघून आले, त्यांच्या पोरांसाठी सांगते. दिवाळी झाली की वडसा-ब्रह्मपुरीकडच्या आमच्या झाडीपट्टीत एकेका गावाची मंडई लागते. दिवसा बाजार, रात्री नाटक. एका गावची झाली की दुसऱ्या गावची, म्हणजे सगळ्यांना सगळीकडे जाता येतं. त्या दिवशी घरोघरी पाहुणे असतात, बोलावलेले आणि न बोलावलेले. आमचं घर ढिवरांचं, त्यामुळे तलावातली मासोळी, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि चुलीवर भाताचं हे मोठं गंज. बाबा बाजारात उकडलेले शिंगाडे विकत आणि नाटकाच्या कमिटीतही मिरवत. लग्न होऊन लांब गेलेल्या पोरीसुद्धा मंडईला येतात. एखादी आली नाही, तर तिच्या घरी काहीतरी बिनसलं असं गाव धरून चालतं.

मी हैदराबादला एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. मोठमोठ्या कंपन्यांनी आपला डेटा स्वतःच्या मशीनवरून क्लाउडवर कसा न्यावा आणि नेल्यावर त्याचं बिल कसं आवरावं, हे समजावून सांगणं माझं काम. या धंद्यातल्या कॉन्फरन्सचा हंगाम नेमका दिवाळीनंतरचा. आधी हैदराबाद, मग बेंगळुरू, मग पुणे, एखाद्या वर्षी सिंगापूर. तीच माणसं गावोगाव फिरतात. तेच स्टॉल, तीच गळ्यातली ओळखपत्रं, तेच हसू. मागच्या वर्षी जे तंत्रज्ञान जग बदलणार होतं, त्याचं यंदा कोणी नाव काढत नाही आणि त्याबद्दल कोणाला वाईटही वाटत नाही. फुकटच्या टी-शर्टसाठी लठ्ठ पगाराची माणसं रांग लावतात. मीही लावते. ते सगळे टी-शर्ट गावी जातात. माझा भाऊ सुधाकर धानाच्या बांधीत चिखलात उभा आहे आणि त्याच्या पाठीवर 'बिग डेटा' लिहिलंय, असा एक फोटो माझ्याकडे आहे. कॉन्फरन्सच्या पिशव्यांत माय लाखोरी भरून ठेवते. त्या पिशव्यांचा याहून चांगला उपयोग मी कुठे पाहिलेला नाही.

तर आमच्या गावची मंडई आणि हैदराबादची कॉन्फरन्स दरवर्षी एकमेकींवर आदळत. पहिल्या वर्षी मी सांगितलं, तेव्हा बाबा म्हणाले, ठीक आहे. पुढच्या वर्षी म्हणाले, "असा कोनता कारेक्रम हाये जो दिवस बदलवत नाई?" त्याच्या पुढच्या वर्षी फोन मायजवळ दिला. मग मंडई जवळ आली की ते माझ्याशी बोलणंच बंद करत आणि धान कापणी आटोपली की पुन्हा सुरू करत. मला त्यांचं चुकतं असं कधी वाटलं नाही. फक्त एकदा त्यांनी येऊन पाहावं, हे नाटक नाही, पोट यावर चालतं हे त्यांना कळावं आणि मला या रागातून मोकळं करावं, एवढंच हवं होतं.

एका वर्षी त्यांनीच फोन केला. "तू येत नाई तं मीच येतो. पायतो का हाये ते."

आपल्या गावची मंडई सोडून ते आले. जन्मात पहिल्यांदा. पाहुण्यांचं सगळं सुधाकरवर टाकून आले होते, आणि पिशवीत शिंगाडे होते. मी त्यांच्यासाठी पाहुण्याचा पास काढला. त्यांनी ते ओळखपत्र सदऱ्यावर नीट मधोमध आणून ठेवलं. हॉटेलच्या दालनात शिरल्यावर त्यांनी पहिली गोष्ट पाहिली ती स्टेज. "पडदा नाई?" म्हणाले. पडदा नव्हता. नंतर विचारलं, जेवण कोणाकडलं. मी सांगितलं, स्पॉन्सरचं. त्यांनी मान हलवली. कमिटीतल्या माणसाला ते समजावून सांगावं लागलं नाही.

मी माइकवाल्याशी बोलायला गेले तेवढ्यात त्यांनी पिशवी उघडली आणि रांगेतल्या लोकांना शिंगाडे वाटायला सुरुवात केली. आता कॉन्फरन्समध्ये काहीही फुकट मिळालं की आपलं ओळखपत्र पुढे करायचं, म्हणजे देणारा ते स्कॅन करून आपला नंबर घेतो, अशी सगळ्यांना सवय. एका गृहस्थाने शिंगाडा घेतला आणि ओळखपत्र पुढे केलं. बाबांनी चष्मा लावून त्याचं नाव वाचलं आणि हिंदीत विचारलं, गाव कौनसा? त्या माणसाने खरंच गाव सांगितलं. मग त्याच्या शेजारच्याने. मी परत आले तेव्हा अर्ध्या रांगेची गावं बाबांना पाठ झाली होती. इतकी वर्षं त्याच लोकांना भेटते, मला त्यांच्या फक्त कंपन्या माहीत होत्या.

माझं भाषण नेहमीसारखं झालं. कोणता डेटा ठेवावा, कोणता टाकून द्यावा, यावर मी बोलले. मध्येच शेजारच्या दालनात कसल्यातरी बक्षिसाची सोडत निघाली आणि बरीच माणसं उठून गेली. बाबा मात्र पहिल्या रांगेत हात गुडघ्यांवर ठेवून ताठ बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही. ते माझ्या तोंडाकडे पाहत होते. भाषण संपल्यावर दरवर्षी कॉन्फरन्सला भेटणारी बेंगळुरूची एक बाई धावत आली, "अगं, तुझी खुर्ची धरून ठेवलीय, जेवायला चल," म्हणाली आणि बाबांनाही हाताला धरून घेऊन गेली. ती मूळची सोलापूरची. बाबा तिच्याशी माझ्याबद्दलच बोलत होते, आणि ती त्यांना मी कुठे कुठे जाते, काय खाते, कुणाशी भांडते, सगळं सांगत होती.

दुसऱ्या दिवशी सिकंदराबादला त्यांना गाडीत बसवायला गेले. ते खिडकीशी बसले आणि म्हणाले, "लोकं उठून जातेत, तरी तू बोलतच राह्यतेस. चांगलं हाये." मग जरा थांबून म्हणाले, "अन् तुयी वाट पायनारे हायेत इथी. मले वाटलं नव्हतं." मी म्हटलं, मग आता राग गेला ना? ते म्हणाले, "राग नव्हता बाई. दरसाली पाव्हने इचारत, पोरगी नाई आली का? मी सांगत होतो, निंगाली हाये, पोचतेच हाये. रातभर सांगत होतो. आता नाई सांगत. खोटं काऊन बोलाचं?"

गाडी सुटली. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. मी रिक्षात बसून रडले, आणि रिक्षावाल्याने विचारलं तेव्हा डोळ्यात कचरा गेला असं सांगितलं.

पुढच्या वर्षी कॉन्फरन्स एक आठवडा पुढे गेली. मी कोणाला न कळवता तिकीट काढलं आणि मंडईच्या दिवशी दुपारी घरी पोचले. अंगण भरलेलं होतं. मायने मला पाहिलं, हातातला झारा टाकला आणि लगबगीने गडवाभर पाणी आणलं, पाय धुवायला. हे पाणी बाहेरून आलेल्याला देतात. तिच्या ते लक्षातही आलं नाही. मला वाईट वाटलं, पण मी पाय धुतले.

मग गडवा तिच्याकडून घेतला, परत भरला आणि फाटकाशी उभी राहिले. ब्रह्मपुरीकडचे कोणी म्हातारे पाहुणे आले. मी पाणी पुढे केलं. त्यांनी बाबांना विचारलं, "हे कोन?"

"माही पोरगी," बाबा म्हणाले. "आज आली हाये. उद्या सकाऊन जाते."

दोन्ही खरं होतं. मला आता घराकडून एवढंच हवंय, की मी आले आणि मी जाणार, हे कोणीतरी एकाच दमात, न लाजता सांगावं. पाहुण्यांचे पाय धुऊन झाले. मी त्यांना आत नेलं आणि वाढायला घेतलं.