वहिनीला कळू देऊ नको

उमरी स्टेशनवर मला सोडायला चौघं आली होती, पण रडत होती एकटी मोठी आई. इंग्लंडमधल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागली म्हणून मी निघाले होते. गाडी हलायच्या आधी तिनं खिडकीतून एक फोटो आत दिला. तिच्या नवऱ्याचा, म्हणजे माझ्या मोठ्या काकांचा.

"त्याच मुलखात गेले होते. कुठं माग लागला तर बघ, बाई."

मागं उभे असलेले माझे वडील, दादा, म्हणाले, "कशाला पोरीच्या डोक्याला ताप? मेला असंल तो कवाच."

काका लग्नानंतर दोन वर्षांनी विलायतेला कारखान्यात कामाला गेले. दोन पत्रं आली, मग काहीच नाही. तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता. पुढं माझ्या वेळच्या बाळंतपणात आईनं अंथरूण धरलं ते सोडलंच नाही. मला वाढवलं मोठ्या आईनं. किल्लारीहून तिचे माय-बाप तिला कायमचं न्यायला दोनदा आले. दोन्ही वेळा ती म्हणाली, "हे आले अन् मी घरात नसले तर?"

लेस्टरमधली माझी पहिली वर्षं ड्युटी, थंडी आणि फ्रीजरमधल्या पोळ्यांवर गेली. फोटो तसाच कपाटात राहिला. मग वॉर्डातली एक सहकारी इंटरनेटवर आपल्या पणजोबांचा शोध घेताना दिसली. तिनं मला शिकवलं: प्रवाशांच्या याद्या कशा बघायच्या, लग्न-मृत्यूच्या नोंदी कुठं मिळतात. काकांच्या नावाचं, 'दत्तराव'चं, स्पेलिंग मी नाही नाही त्या प्रकारांनी घालून पाहिलं. शेवटी एका लग्नाची नोंद जुळली. दाखल्याची नक्कल मागवली, ती पोस्टानं आली.

वर: अविवाहित. वराचे वडील: मयत.

माझे आजोबा त्या वर्षी शेतात औत हाकत होते. त्यांच्या खांद्यावर बसून मी जत्रा पाहिली आहे. मला वाटलं, दगा म्हणतात तो हाच.

मग काकांच्या मृत्यूचा दाखला मिळाला. खबर देणाऱ्याच्या रकान्यात मुलीचं नाव होतं, शीला, आणि कॉव्हेंट्रीचा पत्ता. मी पत्र टाकलं, तिनं घरी बोलावलं. वडिलांची आधीची बायको तिला ठाऊकच नव्हती. मग वडिलांच्या कागदांतलं एक पत्र तिनं आणून दिलं. ते तिला वाचता येत नव्हतं.

अक्षर दादांचं होतं. माझ्या शाळेच्या वह्यांवर नाव घालायचे, तेच तिरकं अक्षर.

"तू तिकडं संसार मांडला ते तुझ्या पत्रानं कळलं. आता इकडं पत्र टाकू नको. माझी पोर वर्षाची हाय, तिची माय अंथरुणावर. वहिनी हाय म्हणून घर चालून राहिलं. वहिनीला कळू देऊ नको."

शीलानं विचारलं, काय लिहिलंय? मी सांगितलं. सांगताना लक्षात आलं, पत्रातली ती पोर मीच.

महिन्यानं सुट्टी मिळाली तशी उमरीला गेले. मोठी आई सुपात तूर पाखडत बसली होती. मी पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पुन्हा वाच." मग सूप बाजूला ठेवून दादांसमोर जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, तुम्हाला ठाव होतं?"

दादांनी ते नाकारलं नाही. "तू माहेरी गेली असतीस. ही पोर कोण सांभाळणार होतं? अन् भूकंपात तिथलं घर बसलं, तुझे माय-बाप गेले. इथं होतीस म्हणून वाचलीस."

"वाचले नसते तर मेले असते, पर माझ्या माणसांत मेले असते. दोन बार न्यायला आले ते. तुम्ही हितंच बसून त्यांच्यासंगं चहा पीत होता, भाऊजी."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती किल्लारीला, तिथं मागं उरलेल्या तिच्या भावाच्या घरी निघाली. मी सोबत गेले. लातूर मागं पडल्यावर जीपमध्ये तिनं विचारलं, "तुला कवा कळलं?"

"मागच्या महिन्यात."

"मधी फोन केलास की. चार-पाच बार."

"फोनवर कसं सांगायचं, म्हणून..."

"हाव," ती म्हणाली. "समदे एकाच घरचे."

आता ती तिथंच राहते. मी लेस्टरहून फोन करते, ती उचलते, जेवलीस का विचारते. दादा एकटेच करून खातात. त्यांचं काही निघालं की ती म्हणते, "तुझ्या घरचं मला सांगू नको." आधी ती 'आपलं घर' म्हणायची.

परदेशात आपल्याकडची माणसं भेटली की विचारतात, घर कुठलं? मी उमरी सांगते. खरं तर तो नुसता पत्ता आहे. घर होतं ते एका बाईला फसवून, बांधून ठेवून चालवलेलं होतं, आणि त्यात सगळ्यात सुखात मी वाढले.